अ‍ॅपवरचा शून्य आणि गॅलरीतली सकाळची सिगारेट

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी ४३ वर्षांचा असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टूल रूमचा सुपरवायझर आहे. बाविसाव्या वर्षी सिगारेट लागली. आता दिवसाला बारा-तेरा होतात. दीड वर्षापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. दहावीत शिकणाऱ्या मुलीने माझ्या फोनमध्ये सिगारेट सोडण्यासाठीचे एक अ‍ॅप टाकून दिले होते. किती दिवस झाले आणि किती पैसे वाचले, ते त्यावर दिसत असे. एकोणीस दिवस मी एकही सिगारेट ओढली नाही. विसाव्या दिवशी मेहुण्याच्या हळदीत मित्रांबरोबर एक ओढली आणि प्रामाणिकपणे अ‍ॅपमध्ये नोंदवली. तत्क्षणी एकोणीसचा आकडा जाऊन शून्य आला. सगळे संपले असे वाटले. त्याच रात्री अख्खे पाकीट संपवले आणि अ‍ॅपही काढून टाकले. मुलगी माझ्याशी धड बोलत नाही. आता कोणते अ‍ॅप घ्यावे? स्मार्टवॉचचा उपयोग होईल का? एक सहकारी दुबईहून ई-सिगारेट आणून देतो म्हणतो, ती घ्यावी का? दिवसाची पहिली सिगारेट उठल्यावर दहा मिनिटांत गॅलरीत चहाबरोबर होते. ती सुटेल असे वाटतच नाही.

एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझी नजर त्या शून्यावरच अडकली. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतेच. परंतु त्याआधी या शून्याविषयी बोलणे मला अगत्याचे वाटते, कारण हळदीतल्या एका सिगारेटने जेवढे नुकसान झाले नसते तेवढे त्या आकड्याने केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकोणीस दिवसांत तुम्ही सव्वादोनशेहून अधिक सिगारेटी ओढलेल्या नाहीत. सिगारेट थांबल्यावर रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साधारण दिवसभरात उतरते. निकोटिन सुटल्यामुळे होणारी चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि कामात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे या वाटेवरचा सगळ्यात उभा चढ तुम्ही पाळ्या सांभाळत, कोणत्याही औषधाशिवाय चढून गेला होता. हळदीच्या रात्री तुम्ही एका सिगारेटपुरते घसरलात. घसरणे ही एक घटना झाली आणि सवय पुन्हा जडणे ही दुसरी. या दोहोंमध्ये काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असते, आणि त्या अंतरात माणूस स्वतःला काय सांगतो यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. व्यसनांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी हे चक्र सविस्तर मांडले आहे. पूर्ण सोडण्याचा निश्चय केलेला माणूस एकदा चुकला की आपल्यात धमकच नाही असे मानू लागतो, आणि त्या अपराधी भावनेतून सुटका मिळवण्यासाठी पुन्हा त्याच वस्तूकडे हात नेतो. तुमच्या अ‍ॅपने ही अपराधी भावना एका आकड्यात लिहून तुमच्यासमोर धरली. तुमच्या फुप्फुसांना आणि हृदयाला मिळालेल्या एकोणीस दिवसांच्या विश्रांतीची त्या आकड्यात कुठेही नोंद नव्हती.

समुपदेशनाच्या कामात भेटलेले एक एसटीचालक मला येथे आठवतात. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे अ‍ॅपचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेले असे. रात्री ड्यूटीवरून आले की ते त्या दिवसाच्या चौकोनात, एकादशी-चतुर्थीच्या बारीक अक्षरांखाली, बॉलपेनने एक टिंब देत. ज्या दिवशी बिडी ओढली गेली असेल त्या दिवशी फुली मारत. पहिल्या महिन्याच्या पानावर सहा फुल्या होत्या, दुसऱ्यावर चार, आणि दिवाळीच्या महिन्यात भाऊबीजेच्या दिवशी एकच. वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर त्यांनी गुंडाळी करून मला दाखवायला आणले, तेव्हा दोन फुल्यांमधले टिंबांचे पट्टे पानागणिक कसे लांबत गेले ते चष्म्याशिवायही दिसत होते. फुली पडली म्हणून मागचे पान त्यांनी कधी फाडले नव्हते. तुम्ही फोनमध्ये जे काही घ्याल त्यात ही सोय आहे की नाही, ते सर्वांत आधी तपासा. घसरल्याची नोंद केल्यावर जे अ‍ॅप मागचे सगळे दिवस पुसून टाकते, ते कितीही देखणे असले तरी तुमच्या उपयोगाचे नाही.

आता अ‍ॅप कोणते, या प्रश्नाकडे येते. एखादे नाव सुचवून मोकळे होणे सोपे आहे, पण या विषयावर झालेले संशोधन वेगळे सांगते आणि ते तुम्हाला ठाऊक असावे असे मला वाटते. ब्रिटनमध्ये 'टेक्स्ट टू स्टॉप' नावाचा एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांपैकी अर्ध्यांना सिगारेट सोडण्यास धीर देणारे साधे एसएमएस पाठवले गेले आणि उरलेल्यांना या विषयाशी संबंध नसलेले. सहा महिन्यांनी लाळेची तपासणी करून खात्री केली, तेव्हा पहिल्या गटातील १०.७ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिलेले आढळले, तर दुसऱ्या गटातील ४.९ टक्के. दहांत एक हे प्रमाण तुम्हाला थोडे वाटेल, पण नुसत्या एसएमएसने ते दुपटीहून अधिक झाले, हे महत्त्वाचे आहे. बहुतेकांना सिगारेट कायमची सुटण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. तेव्हा तुमच्या हळदीच्या रात्रीत जगावेगळे काही घडलेले नाही. या सेवेतील एक गोष्ट मला विशेष भावते. तलफ आली की 'तलफ' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द त्या क्रमांकावर पाठवायचा, की तत्काळ मदतीचा संदेश येई. आणि एखादी सिगारेट ओढली गेली तर त्यासाठी वेगळा शब्द ठरवलेला होता, तो पाठवला की सावरण्यासाठी काय करावे हे सांगणारे संदेश येत. म्हणजे माणूस घसरणार हे त्या लोकांनी आधीच गृहीत धरले होते आणि त्या क्षणी त्याला उभे करण्याची व्यवस्था ठेवली होती.

वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये मोबाइलच्या साहाय्याने सिगारेट सोडण्यावरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही एसएमएसचा उपयोग ठळकपणे दिसला, मात्र अ‍ॅपवरच्या पाच अभ्यासांत अ‍ॅप वापरणारे आणि त्याहून साधी मदत घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. यानंतर २०२० मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने 'आयकॅनक्विट' या अ‍ॅपची चाचणी प्रसिद्ध केली. २,४१५ जणांच्या या चाचणीत वर्षभरानंतर २८ टक्के लोकांनी आपण सिगारेट ओढत नसल्याचे सांगितले. प्रचलित पद्धतीच्या दुसऱ्या अ‍ॅपच्या बाबतीत हे प्रमाण २१ टक्के होते. दोहोंमधला भेद समजून घेण्याजोगा आहे. प्रचलित अ‍ॅप तलफेपासून लांब राहायला, लक्ष दुसरीकडे वळवायला सांगते. नव्या अ‍ॅपने वापरणाऱ्याला तलफ ओळखायला, ती येत आहे, चढत आहे, आता उतरत आहे हे पाहायला आणि तरीही सिगारेट न पेटवता तिच्यासोबत काही मिनिटे बसायला शिकवले.

म्हणून माझा सल्ला असा की, दिवसांची आणि पैशांची मोजणी ज्याचे मुख्य काम आहे असे अ‍ॅप घेऊ नका. तलफ आल्याक्षणी उघडले तर जे काहीतरी करायला लावते, घसरल्यावर जे पुढचे पाऊल सांगते, तलफ कुठे आणि केव्हा आली याची नोंद जे ठेवते, असे पाहा. फोनमधील संपर्क आणि फोटो पाहण्याची परवानगी मागणारे अ‍ॅप सरळ नाकारा, कारण सिगारेट सोडायला त्याला यातले काहीच लागत नाही.

खरे तर पहिल्या आठवड्यासाठी अ‍ॅपचीही गरज नाही. सिगारेट लगेच सोडू नका. नेहमीप्रमाणे ओढा, मात्र प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी फोनच्या नोंदवहीत वेळ, जागा, सोबत कोण होते आणि तलफ दहापैकी किती होती, एवढे चार शब्द लिहा. पेटवण्याआधी लिहिणे आवश्यक आहे, ओढून झाल्यावर लिहिलेली नोंद निम्मी विसरलेली असते. यंत्राचा सुटा भाग नाकारला गेला तर तो कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर आणि कोणत्या साच्यातून आला हे तुम्ही शोधता. हीच तुमची रोजची विद्या येथे वापरायची आहे. तुमच्याकडे आणखी एक नोंदवही आहे, जिच्याकडे आपले लक्ष जात नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली, तरी अनेक टपऱ्यांवर त्या मिळतात आणि पैसे क्यूआर कोडवर दिले जातात. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये टपरीवाल्याचे नाव शोधा आणि मागच्या तीन महिन्यांच्या रकमा वेळेसह पाहा. सकाळी सहा दहा, दहा वाजून दोन, एक पस्तीस अशा ओळी एकाखाली एक दिसू लागल्या की तुमच्या बारा-तेरा सिगारेटींपैकी किती खरोखर तलफेच्या आहेत आणि किती केवळ चहाच्या, पाळी बदलण्याच्या किंवा सोबतच्या आहेत, हे आपोआप कळेल.

ही नोंद हातात आली की फोनला खरे काम देता येते. तुमच्या चहाच्या वेळा पाळीनुसार ठरलेल्या आहेत, हा मोठा फायदा आहे. दहाचा चहा असेल तर नऊ पन्नासला गजर लावा. एसएमएस ठरावीक वेळी आपोआप जाईल अशी सोय आता अनेक फोनमध्ये असते. मुलीला सांगा की तिने तिच्या शब्दांत दहा-बारा ओळी लिहून तुमच्या चहाच्या वेळांना लावून ठेवाव्यात. तुमचे बोलणे तुटले आहे म्हणूनच मी हे सुचवते. तिने अ‍ॅप टाकून दिले होते याचा अर्थ तिला या कामात वाटा हवा आहे. तिच्यावर पहारेकऱ्याचे काम मात्र सोपवू नका. वडील खोटे बोलत आहेत का हे तपासत राहण्याचे ओझे दहावीतल्या मुलीवर नसावे. हळदीच्या रात्री काय झाले ते तिला स्वतःहून, एकदाच आणि पूर्ण सांगा.

तलफ आली की ती साधारण तीन ते पाच मिनिटांत उतरू लागते, मग तुम्ही ओढा किंवा ओढू नका. तेवढ्या वेळात थंड पाणी घोटाघोटाने पिणे, दीर्घ श्वास घेणे, तोंडात लवंग किंवा बडीशेप टाकणे, जागेवरून उठून जाणे हे जुने उपाय आजही चांगले आहेत. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांना तीन मिनिटे टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळल्याने तलफेची तीव्रता कमी होते असे आढळले होते. तलफेत माणसाच्या डोळ्यांसमोर सिगारेटचे, धुराचे चित्र उभे राहते, आणि ठोकळ्यांचे आकार डोळ्यांत बसवताना त्या चित्राला जागा उरत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. फोनवर असा एखादा साधा खेळ असू द्या. तुमच्या भागात मळलेली तंबाखू खिशात असणारे सहकारी पुष्कळ असतील. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते आणि त्यांतले बहुसंख्य ती खाणारे होते. सिगारेटऐवजी चिमूटभर तंबाखू गालात ठेवण्याचा आग्रह तुम्हाला होणारच, तो निक्षून नाकारा.

आता गॅलरीतल्या पहिल्या सिगारेटविषयी. ती सुटेल असे वाटत नाही, असे तुम्ही लिहिता, आणि त्यात तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. रात्रभरात शरीरातील निकोटिन जवळजवळ उतरलेले असते. ते रक्तातून निम्मे व्हायला सुमारे दोन तास पुरतात. सकाळी पहिला झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते, म्हणून दिवसभरातल्या सगळ्या सिगारेटींमध्ये हीच सर्वांत गोड लागते. निकोटिनवरचे अवलंबन मोजण्यासाठी फागरस्ट्रॉम यांची प्रश्नावली डॉक्टर वापरतात आणि उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट ओढता, या प्रश्नाला तिच्यात मोठे वजन आहे. दहा मिनिटांत हे तुमचे उत्तर बऱ्यापैकी अवलंबन दाखवते. हे अवलंबन कोणतेही अ‍ॅप कमी करू शकत नाही. त्यासाठी औषध लागते.

निकोटिनचा च्युइंगम दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये मिळतो. दोन मिलिग्रॅमचा औषधाच्या दुकानात मिळतो, चारचा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्यांना सहसा चारचा सुचवला जातो. त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी आणि सोबत गम, असे दोन्ही दिल्यास एकट्या उपायापेक्षा अधिक लाभ होतो. व्हरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही गोळ्यांच्या स्वरूपातील औषधेही आहेत. तुम्हाला रक्तदाब असल्यामुळे यांतले काय आणि किती घ्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावे. गम घेणाऱ्या बहुतेकांची जी चूक होते, तेवढी मात्र येथेच सांगते. तो साध्या च्युइंगमसारखा एकसारखा चघळायचा नसतो. दोन-चारदा चावला की तोंडात तिखटसर झिणझिण्या येतात. तसे झाले की तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा थोडा चावायचा आणि जागा बदलून ठेवायचा, असे सुमारे अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाते. घाईने चघळून गिळले तर ते पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि माणूस गमचा काही उपयोग नाही असे ठरवून मोकळा होतो. चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेतल्यानंतर पंधरा मिनिटे गम तोंडात टाकू नका, कारण तोंडातील आम्लतेमुळे निकोटिन नीट शोषले जात नाही.

त्यामुळे तुमची सकाळ थोडी फिरवावी लागेल. उठल्यावर आधी गम, अर्ध्या तासाने चहा, आणि तोही गॅलरीऐवजी स्वयंपाकघरात, घरातल्यांबरोबर. चहा अर्धा करा. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण त्याला कारण आहे. तंबाखूच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा नेहमीपेक्षा वेगाने करते. सिगारेट थांबली की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातून पूर्वीपेक्षा अधिक कॅफीन रक्तात साठून राहते. छाती धडधडणे, हात थरथरणे, रात्री टक्क जाग राहणे हा त्रास माणूस सिगारेट सोडल्याच्या खाती मांडतो, आणि त्यातला काही वाटा प्रत्यक्षात सहा कप चहाचा असतो. रक्तदाबाशिवाय इतर कोणती औषधे चालू असतील तर सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगा, कारण काही औषधांचे प्रमाणही याच कारणाने बदलावे लागते.

स्मार्टवॉचविषयी थोडक्यात. हाताची हालचाल पाहून सिगारेट ओळखणारे घड्याळ बनवण्याचे प्रयत्न इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठासारख्या ठिकाणी झाले आहेत, परंतु आपल्या दुकानांत जे घड्याळ मिळते त्याकडून तशी अपेक्षा ठेवून पैसे घालू नका. महागडे घेण्याची तर मुळीच गरज नाही. साधा मनगटी बँड तुम्हाला दोन कामांसाठी उपयोगी पडेल. शॉप फ्लोअरवर फोन जवळ ठेवता येत नसेल, तर नऊ पन्नासचा गजर मनगटावर आवाज न करता थरथरतो आणि शेजारच्या माणसालाही कळत नाही. दुसरे म्हणजे विश्रांतीच्या वेळची नाडी. सिगारेट ओढणाऱ्याचे हृदय निकोटिनमुळे अधिक वेगाने चालते, आणि सिगारेट थांबल्यावर ते काही ठोक्यांनी मंदावते. बँडच्या आलेखात ही रेष काही दिवसांत खाली आलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हे वाचलेल्या पैशांच्या आकड्यापेक्षा मला कितीतरी मोलाचे वाटते. एखाद्या दिवशी घसरलात, तरी ती रेष पहिल्या जागी उडी मारून जात नाही.

श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्रही मिळते. पंधरा सेकंद श्वास रोखून त्यात फुंकर घालायची, की आकडा येतो. नियमित ओढणाऱ्याचा आकडा साधारणपणे दहाच्या वर असतो आणि सिगारेट थांबल्यावर दिवसभरात खाली येतो. ते विकत घेऊ नका असेच मी म्हणेन. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे चालवली जातात. तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तेथे समुपदेशन मिळेल आणि अशा तपासणीविषयीही विचारता येईल.

ई-सिगारेटचे उत्तर नाही असेच आहे, पण ते का, हे नीट सांगायला हवे, कारण तुमचा सहकारी परदेशातले दाखले देईल आणि ते खोटे नसतील. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचा पर्याय आरोग्यसेवेकडूनच सुचवला जातो. तेथे ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षभरानंतर ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, तर गम-पट्टी घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोकांची. मात्र ई-सिगारेटने ज्यांची सुटली त्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. म्हणजे धूर गेला, निकोटिन राहिले. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्यासाठी ती आणणारा सहकारी स्वतः अडचणीत येईल. शिवाय चोरवाटेने आलेल्या त्या द्रवात निकोटिन किती आणि आणखी काय काय आहे, हे तपासणारे कोणी नाही. इंग्लंडमधल्या माणसाला ती सरकारी नियमांखाली, उघडपणे दुकानात मिळते. तुम्हाला ती एका पिशवीतून मिळणार आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने हा धोका का पत्करावा?

तुम्ही तीन यंत्रांविषयी विचारलेत, पण तुमच्या हाताशी असलेल्या सर्वांत उपयोगी क्रमांकाविषयी विचारले नाहीत, आणि तो गेली काही वर्षे रोज तुमच्या खिशात आहे. सिगारेटच्या पाकिटावरील इशाऱ्याच्या चित्राशेजारी १८००-११-२३५६ असा क्रमांक छापलेला असतो. ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबईसह इतर ठिकाणीही तिची केंद्रे झाली. फोन निःशुल्क आहे. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. तो तुमच्या सवयीची माहिती घेतो, सोडण्याची तारीख तुमच्याबरोबर ठरवतो आणि त्यानंतर स्वतःहून पुन्हा फोन करून विचारपूस करतो. फोन लागल्यावर मराठीतून बोलायचे आहे असे सांगा. घसरलात तर अ‍ॅपमध्ये नोंद करण्याआधी या क्रमांकावर बोला. माणसाला सांगितलेली चूक आणि पडद्यावर नोंदवलेली चूक यांत फार अंतर असते, हे मी या कामात वारंवार पाहिले आहे.

ही सेवा सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत चालते आणि सोमवारी बंद असते. म्हणूनच, सगळेजण करतात तसा सोमवारचा मुहूर्त तुम्ही धरू नका. तुमचा पहिल्या पाळीचा जो आठवडा येईल त्यातला मंगळवार निवडा, म्हणजे सर्वांत कठीण असे पहिले तीन-चार दिवस दुपारनंतर फोनवर बोलायला माणूस उपलब्ध असेल. त्याआधीच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून औषध सुरू कसे करायचे ते विचारून घ्या आणि वर सांगितलेली नोंद पुरी करा. सिगारेटवर रोज दोनशे रुपये जात असतील, तर महिन्याचे सहा हजार होतात. तेवढ्या रकमेची आवर्ती ठेव मुलीच्या नावाने बँकेच्या अ‍ॅपमधून त्याच मंगळवारी सुरू करा, म्हणजे पैसे वाचल्याचा आकडा नुसता पडद्यावर राहणार नाही. सोमवारी रात्री झोपण्यापूर्वी गॅलरीतली राख झाडायची वाटी, लायटर आणि कठड्यावर ठेवलेली काडेपेटी बाहेर टाकून द्या, तेथली खुर्ची आत आणा, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरजवळ दोरीला एक पेन बांधून ठेवा.